अकरा नावं कमी करा

माणिकअप्पा गेले हे मला ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं, त्याच ग्रुपवर गेल्या वर्षी त्यांच्या शाळेचं नाव लाल रंगात रंगवून फिरवलं गेलं होतं. सकाळी नऊला कुणीतरी त्यांचा फोटो टाकला. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली आणि ती संपायच्या आत तालुक्याच्या साहेबांचा निरोप आला, की चाचणीला बसणाऱ्या मुलांची माहिती आज चारपर्यंत न पाठवणाऱ्या शाळांची नावं जाहीर करण्यात येतील. त्याखालीही तिघांनी सवयीनं हात जोडले. मला निवृत्त होऊन सहा महिने झाले होते, ग्रुपमधून बाहेर पडायचं तेवढं राहिलं होतं. त्या दिवशी पडले.

शोकसभेला मात्र गेले. जायला नको होतं. ज्या साहेबांनी अप्पांना 'खुलासा सादर करा' म्हणून नोटीस दिली होती, तेच साहेब अप्पांच्या फोटोला हार घालून आधी कन्नडमध्ये आणि मग आम्हा मराठी शाळावाल्यांसाठी मोडक्यातोडक्या मराठीत 'आदर्श शिक्षक, आदर्श शिक्षक' म्हणत होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही डोलली असेल, तीस वर्षांची नोकरी अशी अंगात मुरलेली असते. घरी आल्यावर मला स्वतःचाच इतका संताप आला की मी जेवले नाही.

अप्पांची शाळा मंठाळच्या पुढं, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात. गावाचं नाव घेत नाही, ते यादीत पुरेसं छापून आलेलं आहे. कर्नाटक सरकारची मराठी शाळा, दोन खोल्या, एक व्हरांडा आणि अप्पा हेडमास्तर. मी तेव्हा त्या भागाची सीआरपी होते, म्हणजे पंधरा-वीस शाळांत फिरायचं, आकडे गोळा करायचे आणि वर पाठवायचे. आमचं दोघांचं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. माणूस हट्टी, तंबाखू खाणारा, एकही तक्ता वेळेवर न देणारा. मी तावातावानं बोलायला लागले की हे खडू सोलत बसायचे.

पहिल्यांदा भेट द्यायला गेले तेव्हा ते हजेरी घेत होते. पटावरचं एकेक नाव वाचायचे. पोर वर्गात असलं तर ते 'हाजर' म्हणायचं. नसलं तर बाकीची पोरं एका सुरात सांगायची, ते कुठं आहे. "गंगाराम?" "मेंढरामागं, निर्ण्याकडं!" "सविता?" "कोळारला, बापाजवळ!" असं अकरा पोरांचं. अप्पा प्रत्येकासाठी मान हलवायचे, जणू तेही तिथं बसलेलंच आहे. मी घड्याळ लावून वेळ मोजला आणि भेटीच्या वहीत शेरा मारला, 'हजेरीत वेळ वाया जातो.' त्यांनी वाचला, सही केली.

"अप्पा, जी लेकरं महिनोन्‌महिने येत नाहीत त्यांची नावं कामून ठेवलाव?" मी विचारलं.

"येतेत की, अक्का. जत्रला येतेत, येळवसला येतेत."

"आणि मग जातात."

"जातेत. पर आल्यावर नाव असलं तर आत येऊन बसतेत. नाव न्हाई म्हणलं की दारातूनच माघारी. माझं कापलं हुतं एकदा. माय-बापासंगं हैद्राबादला गेल्तो, आलो तर मास्तर म्हणले, तू न्हाईस. वरीसभर खिडकीखाली बसून शिकलोय मी."

ही गोष्ट त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही. पण रुक्मिणी परत आली ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आई-बाप हैदराबादला बांधकामावर, पोरगी वर्षभर गायब. एका सकाळी धाकट्या भावाला काखेत घेऊन दारात उभी, वीतभर उंच झालेली, आत यावं की नाही अशी. अप्पांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पट वाचता वाचता तिच्या नावापाशी आले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "रुक्मिणी?" ती दारातून म्हणाली, "हाजर." भावाला घेऊनच आत जाऊन बसली. त्या दिवशी मी वहीत काहीच लिहिलं नाही, आणि ते मला फार मोठेपणाचं वाटलं होतं.

मग ती यादी आली. राज्यभर पोरांची चाचणी घ्यायची, शाळेची सरासरी काढायची, शाळांना क्रम लावायचा आणि तो लोकांसमोर मांडायचा. गावाला आपली शाळा कशी आहे ते कळायला नको का? कळायला हवंच. मीही तेव्हा हेच भाषण करत फिरत होते. फक्त नियम असा होता की पटावर असून चाचणीला नसलेलं पोर म्हणजे शून्य. हे कळायला आमच्या मास्तरांना एक दिवसही लागला नाही. येळवस म्हणजे वेळ अमावस्या झाली, शेतातली भज्जी-आंबील संपली, की माणसं कामाला बाहेर पडतात आणि वर्ग रिकामे होतात. चाचणी त्याच्यानंतर. तेव्हा त्या आठवड्यात हद्दीवरच्या शाळाशाळांतून लाल शाईची पेनं निघाली आणि पट स्वच्छ झाले. लेकरं एका अक्षरानं हुशार झाली नाहीत, पण सरासऱ्या वर गेल्या. साहेब खूश, वर्तमानपत्र खूश. हे सगळं मला माहीत होतं. मीच तर फोन करून सांगत होते.

अप्पांनाही सांगितलं. "अकरा नावं कमी करा. जूनमध्ये परत घाला, कोण विचारतंय?"

"जूनपतोर ती पोरं कुनाची, अक्का?"

मला राग आला. मी म्हटलं, शाळा शेवटी जाईल. ते म्हणाले, "जाऊ द्या की."

गेली. तालुक्यात शेवटून पहिली. यादी पंचायतीच्या भिंतीवर लावायचा हुकूम होता आणि ती मी स्वतः, माझ्या हातानं, डिंक लावून चिकटवली. दुसऱ्या दिवशी गाव शाळेत. गल्लीतला एक बाप, ज्याची पोरगी माझ्यासमोर धडाधडा वाचायची, अप्पांच्या टेबलावर हात आपटून म्हणाला, "पेपरात आलंय, आमची पोरं ढ हायत. तुमी वर्गात काय करायलाव मग?" महिन्याभरात नऊ पोरं पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत गेली. अप्पांना नोटीस आली. खुलाशात त्यांनी एकच वाक्य लिहिलं, 'चाचणीला नसलेली मुले कामावर गेलेली आहेत, ती याच शाळेची आहेत.' मी तो कागद वर पाठवला. शेजारी दोन ओळी माझ्या लिहायला हव्या होत्या, की चाचणीला बसलेली त्यांची पोरं आजूबाजूच्या कुठल्याही शाळेपेक्षा बरी वाचतात. मला ते खात्रीनं माहीत होतं. नाही लिहिल्या. निवृत्तीला थोडे महिने उरले होते, एवढंच कारण आहे, आणि ते मला आता नागडं दिसतं.

पावसाळ्यात एकदा भेटले तेव्हा अप्पा हसून म्हणाले, "डिंक चांगला लावलाव, अक्का. एवढ्या पावसातबी निघाली न्हाई." एवढंच. भांडले असते तर बरं झालं असतं.

यंदा येळवसनंतर चौथ्या दिवशी त्यांच्या छातीत दुखलं, बसवकल्याणला नेईपर्यंत संपलं. यादीनं माणूस मेला, असं कुणी लिहिलं तर मीच खोडून काढेन… पण गावातला माणूस रोज पंचायतीवरून शाळेत जातो, आणि रोज त्या भिंतीकडं बघतो, हेही खरं आहे.

गेल्या आठवड्यात नवी यादी आली. अप्पांची शाळा एकदम वरच्या पानावर. नव्या इन्चार्ज सरांचा शालीसकट फोटो छापून आला, खाली 'अल्पावधीत भरारी'. पेपर वाचून मी तो चुलीत घातला. त्याच दिवशी अप्पांच्या बायकोचा, शांताबाईंचा, फोन आला. "अक्का, त्यांचा चष्मा शाळेतच ऱ्हायलाय. माझ्यानं तिथं जाववत न्हाई."

गेले. हजेरी चालू होती. इन्चार्ज सर तरुण आहेत, वाईट नाहीत, घाईत आहेत. भराभर नावं वाचली, भराभर 'हाजर' झालं, पट मिटला. मी कपाटातून चष्मा काढून पिशवीत ठेवत होते. पोरं पाटी-पुस्तकं काढेनात. पहिल्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, "सर, रुक्मी ऱ्हायली की."

"तिचं नाव नाही आता. सांगितलं ना काल?"

"हैद्राबादला हाय. जत्रला येनार हाय."

"आन् गंगाराम मेंढरामागं हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

सर माझ्याकडं वळले, ओशाळून हसले. "रोज असंच करतात, मॅडम. दहा मिनिटं जातात."

मी त्यांच्या हातातून पट घेतला. मला तो अधिकार नव्हता. लाल रेघ मारली तरी तिच्याखालचं नाव वाचता येतं. अप्पांचं अक्षर मोठं होतं. जत्रा पंधरा दिवसांवर आली आहे. पोरगी पुन्हा त्या दारात येऊन उभी राहील. तिला आत घ्यायचं तर आज अर्ज करावा लागेल, भांडावं लागेल, आणि या वेळी कागदावर माझ्या दोन ओळी असतील. सरांना म्हटलं, कोरा कागद काढून ठेवा. मग मी पहिल्या रेघेवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. एकेक नाव, आणि पोरं एका सुरात सांगत होती, कोण कुठं आहे. अकरा नावं झाली. किती वेळ लागला ते मी मोजलं नाही.