आईने ईटीएफची पाटी पालथी केली

आमच्या घरात म्हैस घ्यायची असो की मिक्सर, ती वस्तू मी पास केल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. मी शेवगावला ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवतो. हा अधिकार मला कुणी दिलेला नाही, मी आपला घेतला.

आईनं चाळीस वर्षं आठवडे बाजारात भाजी विकली. पुण्यात बँकेत असलेल्या माझ्या भाचीनं आजीला सुचवलं, साठवलेल्यातले थोडे पैसे शेअर बाजारातल्या ईटीएफमध्ये टाक. आईच्या मनानं घेतलं. तिनं मला एवढंच विचारलं, "अवघड हाय का सोपं?"

झालं! मी आठ दिवस मागून घेतले. कॅलेंडरच्या पाठीवर आकृती काढली, बाण काढले, बाणांना बाण फुटले. (त्यातला एक कुठं निघाला होता, ते मला आजही सांगता येणार नाही.) शेवटी घसा खाकरून निकाल दिला, की प्रकरण भयंकर गुंतागुंतीचं आहे, तुझ्या आवाक्यातलं नाही. तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण अधिकार म्हणजे अधिकार!

माझी बायको सुनंदा म्हणाली, अहो, आत काय असतं ते तरी आईंना सांगा. मी सांगितलं, बऱ्याच कंपन्यांचे थोडे थोडे शेअर एकत्र.

"म्हंजे मिसळ भाजीची पाटी," आई म्हणाली. "पालथी कर."

आमच्या बाजारात वर ताजी वांगी आणि तळाला किडकी असा प्रकार चालतो, म्हणून जाणतं गिऱ्हाईक पाटी पालथी करूनच घेतं. मला मोबाईलवर यादी काढून पन्नास कंपन्यांची नावं वाचावी लागली. मग तिनं विचारलं, पाटी उसन्या पैशावर भरलीय का? मी म्हटलं, काहींत तसलं असतं, ह्यात नाही. विकायची म्हटली तर गिऱ्हाईक? बाजार चालू असेतोवर मिळतं. भाव पडला तर? नुकसान आपलं.

"मग माझ्या वांग्यापरीस सोपं हाय. ती सडत्यात तरी."

माझे आठ दिवस पाण्यात! निदान मोबाईलच्या ॲपवरचा अर्ज तरी मी भरतो म्हणालो. वारस म्हणून तिनं माझं नाव सांगितलं, तेव्हा मला भरूनच आलं. पुढं रकाना होता: वारस अठरा वर्षांखालचा असल्यास पालकाचं नाव. मी पन्नाशीचा, रकाना सोडून पुढं निघालो, तर आईनं हात धरला.

"सोडतो कशाला? सुनंदाचं लिव."

ॲपनं ते नाव घेतलं नाही. घरानं मात्र एकमतानं घेतलं.