नानांच्या दोन खुणांमधलं वाचन

विजू, धुळ्याचं घर सोडलं त्या सकाळी तू बाहेर टेम्पोवर गाद्या बांधत होतास, म्हणून आत काय झालं ते तुला ठाऊक नाही. निघायच्या आधीची प्रार्थना आम्ही रिकाम्या खोलीत फरशीवर बसून केली. घरच्या पुरुषाने शास्त्र वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, हा आपला रिवाज. पौलाच्या पत्रात आपल्या नानांनी पेन्सिलीने खूण केलेली होती, तिथून मी सुरू केलं. पत्नीने पतीच्या अधीन असावं, पती हा पत्नीचं मस्तक. दुसरी खूण आली तिथे थांबलो, आमेन म्हटलं. शालिनीने डोक्यावरचा पदर सावरला आणि केरसुणी घेऊन ती सोडायची खोली झाडून काढली.

मी तेच का वाचलं, ते तुला सांगायला हवं. तुझी वहिनी सोळा वर्षं शाळेत मराठी शिकवत होती आणि जूनपासून मुख्याध्यापिका होणार होती. मला सुरतेच्या मिलमध्ये सुपरवायझरची नोकरी लागली. एक वर्ष तुम्ही एकटे राहा, मग बघू, एवढंच तिचं म्हणणं. मी ऐकतोय कसला! नाना म्हणायचे, "घरमा डोकं एकच ऱ्हास. दोन डोकानं वासरू जत्रामा दखाडतस." घरात डोकं एकच असतं, दोन डोक्यांचं वासरू जत्रेत दाखवतात, हेच मी तिला ऐकवलं, आणि वर मोठ्याने हसलो. आज ते हसणं आठवलं की माझीच मला लाज वाटते.

सुरतेत माझं बरं चाललं. नाश्त्याला लोचो आवडायला लागला, 'केम छो' जिभेवर बसलं, कारीगर मला मोटाभाई म्हणू लागले. शालिनीच्या मराठीला मात्र इथे कुणी विचारलं नाही. चार ठिकाणी अर्ज केले, मग सोडून दिलं. धुळ्यात भाजीबाजारात निघाली तर दहा पोरी "नमस्कार बाई" म्हणायच्या. इथे ती सगळ्यांची नुसती भाभी. तिने कधी तक्रार केली नाही, आणि मी मूर्ख त्यालाच सुख समजत आलो.

गेल्या हिवाळ्यात ग्रेसीचं लग्न झालं. शास्त्रपाठ पप्पांनीच वाचायचा असा पोरीचा हट्ट. आदल्या संध्याकाळी मी नानांची खूण शोधून सराव करायला बसलो, तर ग्रेसी शेजारी येऊन म्हणाली, एक ओळ वरून वाचा आणि खूण संपली तरी थांबू नका. वरच्या ओळीत होतं, एकमेकांच्या अधीन व्हा. आणि खुणेच्या पुढे पतीला सांगितलं होतं की ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं, तसं तू पत्नीवर प्रेम कर. आयुष्यभर मी तेवढंच मधलं वाचत आलो होतो! मस्तक व्हायची हौस दांडगी, आणि साधं एक वर्ष मला देता आलं नाही.

लग्नात मी सगळं वाचलं. पाहुणे गेल्यावर शालिनीपाशी बसून म्हटलं, चुकलो मी, ती ओळ मला माहीतच नव्हती.

"मला होती," ती म्हणाली. "संडे स्कूलच्या मुलांकडून मीच पाठ करून घ्यायचे."

"मग त्या सकाळी बोलली का नाहीस?"

"वाचायचं तुमच्याकडे होतं."

परत धुळ्याला जाऊ या का, असंही मी विचारून पाहिलं. आता तिथे मी कुणाला शिकवू, म्हणाली, आणि ताटं आवरायला उठली. विजू, तुझ्या घरी कोण वाचतं रे? बायकोला एकदा वाचू दे, मीनाला. उशीर करू नकोस.

धुळ्याचं घर आठवलं की मला ती झाडलेली खोलीच दिसते. आता घर म्हणजे संध्याकाळी शालिनी चष्मा लावून वाचते आणि मी समोर बसून ऐकतो, तेवढा वेळ. काय वाचायचं ते ती ठरवते. तो उतारा तिने अजून एकदाही काढलेला नाही, आणि काढ म्हणायचं तोंड मला नाही.