पाठीवर कातडं घेतलेला एलेमा

चल्बीच्या वाळवंटात सलग तिसऱ्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नाही. एलेमाच्या सतरा उंटांतली एक उंटीण तेवढी तगली. बायको आदल्या वर्षीच तापानं गेलेली. मग उंटिणीचं पिल्लूही मेलं. एलेमानं त्याचं कातडं सोलून, मीठ चोळून वाळवलं आणि तो ते रोज तिच्या नाकापुढे धरू लागला. ती ते हुंगायची आणि पान्हा सोडायची. भांडंभर दूध, तेच त्याचं जेवण. तिला फसवतोय याची लाज वाटे, पण भुकेपुढे लाज किती टिकणार!

विहीर आटत आली तसे सगळे चाऱ्यासाठी हुरीच्या डोंगराकडे निघाले. उंटीण मात्र पिल्लू मेलं ती जागा सोडीना. चौघांनी ओढून नेली, तर दोर तोडून परत.

"जनावरापायी मरशील एलेमा," सर्वांत शेवटी निघालेला शेजारी वाको म्हणाला.

"मेलो तर मेलो. माझं कातडं हुंगायला तरी कोण बसलंय?"

"पुरे तुझं रडगाणं. पिल्लाचं कातडं पाठीवर बांध आणि चालायला लाग. बघ येते की नाही."

आली. पाच दिवस तो पुढे, ती मागे. जरा अंतर पडलं की ती थबके, मागे वळू पाही. म्हणून तो मुद्दाम हळू चाले. तिचे ओठ त्याच्या मानेला लागत. बायको गेल्यापासून त्याला कुणाचा स्पर्श नव्हता. त्याला फार बरं वाटलं. रस्ताभर तो तिच्याशी बोलत राहिला.

डोंगरावर लोक पोट धरून हसले. "एलेमाभाऊ, या वयात आईच्या मागं लागलात?"

"मी कुठला! आईच माझ्या मागं लागलीय," तोही हसला.

तिथं चारा होता. वाकोनं आईवेगळं एक पिल्लू उंटिणीपुढे उभं केलं. तिनं ते हुंगलं आणि कासेला लावून घेतलं. एलेमानं कातडं पुढे केलं, तर तिनं मान वळवली.

"वाचली रे तुझी उंटीण!" वाको म्हणाला. "फेक आता ते, घाण मारतंय."

एलेमानं फेकलं. उंटीण वाचली याचा त्याला खरंच आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी तो पाण्याला निघाला. वाटेत वाकोच्या सुनेनं विचारलं, "काका, पाय दुखतोय का? किती हळू चालताय!"

"नाही गं," तो म्हणाला, आणि त्यानं सवयीनं मागं वळून बघितलं.