दार नसलेली थंडी

"हे कुठे लिहिलंय? दाखव."

ताई हे म्हणायच्या तेव्हा आधी कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा, मग शब्द. चष्मा खाली आला की समोरच्याने समजून जावं. आयर्लंडमधल्या ओंगारच्या आमच्या थांब्यावर एकदा बसचा ड्रायव्हर म्हणाला, रविवारी ही बस शहरात जात नाही. ताईंनी त्याला खाली उतरवून खांबावरचं वेळापत्रक वाचायला लावलं. बस जात होती. आतले प्रवासी खिडक्यांतून बघत होते आणि तो बिचारा "फेअर प्ले टू यू", म्हणजे मानलं तुम्हाला, म्हणत परत चढला.

गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, की आरतीचं ताट आधी प्रायोजकांकडे जाईल. ताईंचा चष्मा खाली आला. "कोणत्या आरतीत लिहिलंय?" ताट लहान मुलांकडे गेलं.

आयर्लंडमध्ये कुठलीही गोष्ट बिघडली की माणसं "इट विल बी ग्रँड", म्हणजे होईल सगळं ठीक, म्हणतात आणि चहा पितात. या 'ग्रँड'चा ताईंना मनस्वी संताप होता. गळका नळ बघायला आलेला प्लंबर तेच म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याला ते कागदावर लिहून द्यायला सांगितलं. त्याने 'ग्रँड' एवढंच लिहिलं आणि खाली सही केली. तो कागद त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या आणि नव्याने चिडायच्या.

तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेल. आपण त्याला हसतो आणि आपलं काम अडलं की त्यालाच पुढे करतो.

ताई मूळच्या नागपूरच्या, एकट्या राहणाऱ्या, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. औषधांच्या ज्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो, तिथेच त्या गुणवत्ता विभागात होत्या. घर माझ्यापासून दोन दारं सोडून. रोज सकाळी मी त्यांच्या गाडीतून कामावर जायचो. बाहेर ताई प्रमाण मराठी बोलत, पण गाडीत, राग आला की, नागपूर वर यायचं.

त्यांच्याकडे पासपोर्ट भारताचाच होता. आम्ही सगळ्यांनी भराभर इथलं नागरिकत्व घेतलं आणि मग ताईंना शहाणपण शिकवायला मोकळे झालो. किती सोयीचं पडतं, रांग लागत नाही, युरोपात कुठेही जा. त्या म्हणायच्या, "मी इथे काम करते, कर भरते, कचरा वेगळा करते. शपथ घ्यायची तर ती मनात असली पाहिजे. नाहीये, तर कशाला घेऊ?" यावर आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. ते हसणं आठवलं की आज माझं डोकं फिरतं. मनात नसताना शपथ घेतलेली माणसं एका खऱ्या माणसाला हसत होती, आणि त्यांत मी होतो.

आता त्या थंडीचं सांगतो. ताईंच्या कामाचा मोठा भाग नमुन्यांच्या शीतखोलीत जायचा. जाड कोट, हातमोजे, आणि मागे वजनदार दार. दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की अलार्म वाजायचा. एका सकाळी सिग्नलला गाडी थांबली असताना त्या म्हणाल्या, "सारी उमर मी दुसऱ्यानं सेट केलेल्या थंडीत काढली. एकदा अशी थंडी पाहायची आहे जिला दार नाही. अलार्म नाही. आपली आपण पडलेली."

मला वाटलं, बोलण्याची तऱ्हा असेल. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला छोट्या जहाजाची माहिती दाखवली. नॉर्वेच्याही वर, स्वालबार्डच्या बेटांभोवती फिरणारं. जहाज बर्फात थांबतं, रबराच्या बोटी खाली सोडतात आणि माणसांना निर्मनुष्य किनाऱ्यावर उतरवतात. २०१८ चा उन्हाळा ठरला. माझी बायको म्हणाली, "मला बर्फ पाहायचा असला की मी फ्रीजर उघडते. तू जा ताईंबरोबर, त्या तुला सांभाळतील." दोन वेगळ्या केबिन घेतल्या.

ताईंची तयारी म्हणजे सगळ्या ओंगारला करमणूक झाली. रबरी बोटीत चढताना खलाशाचा हात धरायचा नसतो. त्याने आपला आणि आपण त्याचा हात मनगटाच्या वर धरायचा, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. ही पकड ताईंनी व्हिडिओ बघून शिकून घेतली आणि पुढचे सहा महिने त्या कुणालाही तशाच भेटल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना, कारखान्याच्या डायरेक्टरला, पोस्टमनला. डून लेरी बंदराच्या धक्क्यावर नेऊन मला एका बांधलेल्या होडीत चढ-उतर करायला लावलं. होडीवाला आधी ओरडला, मग त्याने स्वतः हात पुढे केला. गुडघा दुखत होता त्यांचा. तो लपवायला त्या जास्त मोठ्याने बोलायच्या.

व्हिसाचं काम माझ्याकडे होतं. आमच्या भागात मला 'व्हिसावाला' म्हणायचे. कुणाचे आईवडील येणार, कुणाला पॅरिसला जायचं, सगळे माझ्याकडे यायचे आणि मला ते आवडायचं. एकट्या ताईंनाच व्हिसा लागणार होता. मला इथला लाल पासपोर्ट मिळून दोन वर्षं झाली होती, आणि एवढ्यात मी व्हिसा ही काय चीज असते ते विसरून गेलो होतो.

एका सकाळी गाडी चालवता चालवता ताईंनी विचारलं, "ते बेट व्हिसाच्या हद्दीत येतं ना रे? एकदा आत शिरायचा व्हिसा पुरेल? विचारलंस कुणाला?"

मी फोनवर काहीतरी बघत होतो. म्हणालो, "विचारलंय ताई. नॉर्वेच आहे ते. ग्रँड आहे."

मी कुणालाही विचारलं नव्हतं. 'ग्रँड' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची प्राज्ञा नव्हती कुणाची, पण त्या फक्त हसल्या. "तू पण आयरिश झालास," म्हणाल्या आणि गिअर बदलला.

ओस्लोच्या विमानतळावर, बेटाकडे जाणाऱ्या विमानाच्या काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट उघडला, मिटला आणि बोर्डिंग पास दिला. ताईंचा पासपोर्ट तिने बराच वेळ हातात धरला. मग फार अदबीने सांगितलं. ते बेट नॉर्वेचंच आहे, पण व्हिसाच्या हद्दीबाहेर धरलं जातं. यांचा व्हिसा एकदाच शिरायचा, तो इथे उतरताना वापरून झाला. आज इथून गेल्या तर येताना यांना ओस्लोत शिरता येणार नाही. म्हणून विमानात घेता येणार नाही.

ताईंनी चष्मा खाली ओढला आणि इंग्रजीत तेच वाक्य म्हणाल्या. मुलीने पडदा त्यांच्याकडे वळवला. ताईंनी सगळं वाचलं. परत वरून वाचलं. मग चष्मा कपाळावर नेला आणि मला म्हणाल्या, "लिहिलंय."

मग मी जो काही आरडाओरडा केला. एकाच देशाचं बेट, त्याच देशाचा झेंडा, आणि म्हणे बाहेर! या बाईंनी आयुष्यात एक नियम मोडलेला नाही आणि तुम्ही त्यांनाच अडवता! माणसाचा रंग बघता की पासपोर्टचा? शब्द चांगले होते. त्यांतला काही राग खराही होता आणि आजही आहे, कारण ज्याच्या हातात लाल पुस्तक त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही आणि बाकीच्यांना दर दाराशी आपण कोण ते सांगावं लागतं. पण त्या क्षणी मी ओरडत होतो ते ताईंनी माझ्याकडे बघू नये म्हणून.

"तिच्यावर कशाला ओरडून राहिलास?" ताई म्हणाल्या. "ती तिचं काम करून राहिली."

मी म्हणालो, मीही जात नाही. म्हणालो खरा, पण बोर्डिंग पास खाली ठेवला नाही. ताईंना तो दिसत होता. त्यांनी पिशवीतून चिवड्याचा डबा काढून माझ्या हातात दिला. "जहाजावर तिखट मिळणार नाही तुला." आणि मग माझा हात मनगटाच्या वर धरला, तशाच पकडीत. "जा. दोघांनी घरी बसून काय करायचं? नीट बघून ये. दार आहे का ते बघ."

मी गेलो.

जहाजावर माझी सगळ्या जगावर चिडचिड होत होती. इंटरनेट चालत नाही म्हणून एक गृहस्थ रोज तक्रार करायचे. अस्वल दिसलं तर एक बाई म्हणाल्या, फारच लांब आहे. कुणीतरी समुद्रातून काढलेला हिमनदीचा तुकडा व्हिस्कीत घालून सगळ्यांना ऐकवत होतं, कसा तडतडतो बघा. हजारो वर्षांची कोंडलेली हवा आणि हे लोक तिच्यावर टाळ्या वाजवतात! माझं टाळकं सरकायचं. मी मनात ताईंच्या आवाजात भांडायचो. मग बोटीत चढायची वेळ यायची, तो दाढीवाला खलाशी माझा हात मनगटाच्या वर धरायचा आणि मनातलं भांडण तिथेच थांबायचं. चिवडा मी सगळा संपवला. चांगला झाला होता. हेही सांगायला हवं.

एके दिवशी कप्तानाने इंजिन बंद केलं. बर्फाचे तुकडे जहाजाला हळूच घासत होते, एवढाच आवाज. तासभर कुणी बोललं नाही, इंटरनेटवाले गृहस्थसुद्धा. चहूकडे थंडी नुसती पडलेली होती. तिला कुठून सुरुवात नव्हती. मी कठड्याला धरून उभा होतो आणि मला तिथे उभं राहण्याचा काही हक्क नव्हता.

ताई ओस्लोहून दुसऱ्या दिवशी घरी आल्या होत्या. उरलेली रजा रद्द करून सोमवारी त्या शीतखोलीत हजर. मी परतल्यावर पहिल्याच सकाळी गाडीत बसलो, पट्टा लावला, आणि त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "दार होतं का रे?"

"नव्हतं, ताई."

"अलार्म?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. गाडी कारखान्याच्या रस्त्याला लागली. मला सांगायचं होतं. प्रत्येक सिग्नलला मी तोंड उघडत होतो आणि प्रत्येक सिग्नल हिरवा होत होता.

त्या वर्षीच्या कोजागरीला मंडळात हा विषय निघालाच. 'ताईंचा नॉर्थ पोल' असं त्याचं नावही पडलं होतं. एकाने पासपोर्टवरून प्रवचन दिलं. दुसरा म्हणाला, सगळ्यांना नियम विचारत फिरता आणि स्वतःच्या वेळी बरं विसरलात? हशा झाला. आणि मग अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "अहो ताई, आपला व्हिसावाला दोन दारांवर राहतो. याला एकदा विचारायचं ना!"

माझ्या हातात मसाला दुधाचा पेला होता. ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"तेच राहिलं," त्या म्हणाल्या. "चूक माझी."

मी दूध प्यायलो. तुम्ही तिथे असता तर तुम्हाला वाटलं असतं, किती शांत माणूस आहे. मंडळातली ती माणसं मूर्ख होती, त्यांची मला आजही चीड येते, पण त्यांना खरं माहीत नव्हतं. मला माहीत होतं. त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यात हलकट माणूस दूध पीत होता.

पुढच्या वर्षी परत जाऊ, असं मी खूपदा म्हणालो. पण हिवाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बोटीत चढण्याचं नाव काढू दिलं नाही. यावर मात्र ताईंनी चष्मा खाली घेतला नाही. २०१९ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि नागपूरला परत गेल्या. विमानतळावर मी सोडायला गेलो होतो. निघताना त्यांनी माझा हात मनगटाच्या वर धरला. मीही त्यांचा धरला. एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते, हे त्यांनीच शिकवलं होतं. माझी आधी सुटली.

आता त्यांच्या घरात दुसरं कुटुंब आहे. बसच्या थांब्यावर ड्रायव्हर सांगतो ते आम्ही सगळे ऐकून घेतो. आरतीचं ताट आधी प्रायोजकांकडे जातं. रोज सकाळी मी माझी गाडी काढतो, आणि सिग्नलला थांबलो की एक गोष्ट मनात येते. बसवाला, प्लंबर, अध्यक्ष, ओस्लोची ती मुलगी, त्या वाक्यातून कुणी सुटलं नव्हतं. सबंध आयुष्यात ताईंनी एकाच माणसाचा शब्द तसाच्या तसा धरला, आणि तो माझा होता.

हा मजकूर मी नागपूरला पाठवणार आहे, मंडळातही वाचून दाखवणार आहे. ताई, तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत, म्हणून न विचारता दाखवतो. बेटाबद्दल मी कुणालाही विचारलं नव्हतं. 'विचारलंय' म्हणालो ते खोटं होतं. चूक तुमची नव्हती, माझी होती. इथे लिहिलंय.

चष्मा खाली घ्या.