बंद केलेली गोळी

आळेफाट्यावरच्या एका मेडिकलमध्ये मी सोळा वर्षं काउंटरवर आहे. शिक्षण बारावीपर्यंतचं, पण गावाकडच्या माणसांना मी अर्धी डॉक्टर वाटते. मलाही तसं वाटायला लागलं होतं, तिथंच घात झाला.

माझा थोरला भाऊ खोडदला टोमॅटो करायचा. दारूचा थेंब कधी घेतला नाही त्यानं. एका रक्तदान शिबिरात त्याच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. पुढं तपासण्या केल्या तर यकृतावर चरबी आणि कोलेस्टेरॉलही वाढलेलं. डॉक्टरांनी इतर औषधांबरोबर कोलेस्टेरॉलची एक गोळी लिहून दिली. चिठ्ठी घेऊन तो माझ्याकडंच आला.

"दादा, ह्या गोळीनं लिव्हर खराब होतं," मी म्हणाले. "तुझं आधीच नाजूक. ही नको घेऊ."

मोबाइलवर आलेलं कायतरी वाचलं होतं, तेवढ्या जोरावर. डॉक्टरांना एक फोन करावा, हेही सुचलं नाही.

"तू म्हंतीस तर न्हाई घेत," तो म्हणाला. घरी कुणाला काही बोलला नाही.

पाच वर्षांनी त्याचं पोट फुगायला लागलं. पुण्यात स्कॅन केलं. यकृताचा कॅन्सर. तिथल्या डॉक्टरीणबाई जुने कागद चाळत म्हणाल्या, "कोलेस्टेरॉलची गोळी कुणी बंद केली?"

दादाच बोलला, "म्याच केली, बाई. कट्टाळा यायचा."

मी चाचरत विचारलं, "पण ती लिव्हरला वाईट ना?"

"उलट आहे. यकृताचा आजार असलेल्यांत जे ही गोळी घेतात, त्यांना हा कॅन्सर कमी होतो असं दिसतंय. पक्कं ठरलेलं नाही अजून. गोळीनं यांना वाचवलं असतं का, ते कुणीच सांगू शकणार नाही."

तेच जास्त लागलं. त्या हो म्हणाल्या असत्या, तर निदान दोष तरी पुरता पदरात पडला असता.

वहिनी तिथंच बसलेली. त्या दिवसापासून ती दादाला बोलत राहिली. "कट्टाळा आला व्हता म्हणं! माझा तरी इचार करायचा." तो भिंतीकडं तोंड करून ऐकून घ्यायचा. मी शेजारी बसून मोसंबी सोलायचे. दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यानं डोळ्यानंच गप्प केलं. आणि मी झाले गप्प, अगदी सुखानं.

तीन महिन्यांत तो गेला.

वहिनी अजून आल्यागेल्याला सांगते, "नणंदेनं लई केलं माझ्या. ह्यांनीच कुणाचं आयकलं न्हाई."