मामाजींचा जंगलातला पूर्वज

पूर्वजांचा अभिमान बाळगणारे लोक पुष्कळ असतात. पण आधी जंगलात पूर्वज सापडला आणि मग अभिमान सुरू झाला, असा माणूस मी एकच पाहिला. माझ्या बायकोचे मामा. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर ते एकदा मोहफुलं वेचणाऱ्यांबरोबर गप्पा हाणत अर्जुनी मोरगावपुढच्या जंगलात गेले आणि तिथे त्यांना कुणा जुन्या वीराचा स्मारकदगड दिसला. दगडावर ढाल-तलवार घेतलेला घोडेस्वार आहे. घोडा पुष्कळसा बकरीसारखा दिसतो आणि वीराचं नाक झिजून सपाट झालं आहे. मामाजींचंही नाक बसकंच. एवढ्या पुराव्यावर त्यांनी नातं जाहीर केलं.

तेव्हापासून पाहुण्याला चहाआधी जंगल घडू लागलं. मी नवा जावई असताना मला नव्या बुटांसकट चिखलातून नेलं आणि दगडासमोर उभं करून म्हणाले, "पाया पडा जी, तुमचे आजेसासरे हायेत." मागे एकटी माझी बायको उभी होती, तरी बसमधल्या आवाजात ओरडले, "पुढं सरका, मागच्याईले दिसू द्या!" कुणी चुकून 'गोटा' म्हटलं की भडकत. "गोटा असन तुया घरी! स्मारक म्हन!"

अडचण एकच होती. शेजारच्या टोलीवरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, एक गोंड म्हातारी त्याच दगडाला आपला पूर्वज म्हणून हळद लावायची.

"बुडे, माया पुरख्याले कायले हळद फासून रायली?"

"तुया कोनचा पुरखा? तुया घरी घोड्यावर बसलं कोन? तू त मोटारीत तिकिटा फाडत होता!"

मामाजी हरून परतत आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा भांडायला जात. जाताना तिच्यासाठी तंबाखूची पुडी मात्र विसरत नसत.

एकदा गावच्या पुढाऱ्याने तो दगड बागेत शोभेसाठी बसवायचं ठरवलं. ट्रॅक्टर आला. मामाजींनी एका बाजूने दगडाला मिठी मारली, म्हातारीने दुसऱ्या बाजूने.

"हा आहे कोणाचा?" पुढाऱ्याने विचारलं.

"माया!" दोघंही ओरडले, आणि मग त्यांचंच असं जुंपलं की वाट पाहून पाहून ट्रॅक्टर रिकामाच परत गेला.

गेल्या हिवाळ्यात मामाजी गेले. आम्ही टोलीवर जाऊन म्हातारीला सांगितलं. "खोटारडा होता," एवढंच बोलून ती घरात निघून गेली.

उन्हाळ्यात पुन्हा गेलो, तर त्या वीराच्या शेजारी गुडघ्याएवढा एक नवा, अनघड दगड उभा होता. त्यालाही हळद लावलेली.

"हा कोणाचा, आजी?"

"तुया मामाचा. आमी आमच्या मेलेल्या मानसाचा गोटा मांडतो. तुमी त नाई मांडला."

"पण ते तुमच्या घराण्यातले नव्हते."

"नोयता त नोयता," ती म्हणाली. दगडावर पडलेलं सागाचं पान तिने बाजूला केलं.

"आता इकडं कोनी येत नाई भांडाले."