रिलिव्हर आल्याशिवाय

आमच्या मागच्या घरातल्या मामांनी आयुष्यात एकही जागा कधी नुसती सोडली नाही. ती त्यांनी नेहमी कुणाच्या तरी हवाली केली. भाची त्यांना मामा म्हणायची, म्हणून आमची सगळी रिसाली वसाहत त्यांना मामा म्हणते. पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीवर पस्तीस वर्षं काढली. तिथला नियम असा, की पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, येऊन चार्ज घेईपर्यंत हलायचं नाही. बाकीचे लोक हा नियम गेटवर ठेवून घरी येत. मामांनी तो घरी आणला. आमच्या स्वयंपाकघरात एकदा बायकोनं त्यांना दुधाकडे बघायला सांगितलं. ती परत आल्यावर आच किती आहे, साय कधी धरली, हे सगळं तिला तोंडी ऐकवूनच ते ओट्यापासून हलले. दुर्गच्या दवाखान्यात एक अनोळखी मुलगा "बाबांजवळ जरा बसा, चहा घेऊन येतो" म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत उगवला नाही. मामा त्या परक्या म्हाताऱ्याचे पाय दाबत बसून राहिले. मी चिडलो, तर मलाच म्हणाले, "रिलिव्हर नाही आला त जागा कशी सोडू, भाऊ?"

अशा माणसाला हसायचं की त्याच्या पाया पडायचं, हे मला कधी कळलं नाही. मी बहुधा हसलो. आता त्याचं वाईट वाटतं.

कारण त्यांची खरी ड्यूटी वेगळीच होती. त्यांची विधवा बहीण आजारी पडली, तेव्हा सात वर्षांच्या पल्लवीला त्यांच्याकडे सोपवून म्हणाली होती, "मी येतपर्यंत पोरीले पाहजो." ती दवाखान्यातून परत आलीच नाही. मामांनी लग्न केलं नाही, बढतीची बदली घेतली नाही. वीस वर्षं ते त्या पाळीवर उभे होते.

आणि एका मंगळवारी पल्लवीचा फोन आला. नोकरीसाठी पोलंडला गेलेल्या या मुलीनं तिथल्याच एका मुलाशी लग्नाची नोंद केली होती. दोघांना आठ दिवसांची सुट्टी होती आणि तिला मामांच्या हातून अक्षता हव्या होत्या. मामा "या" म्हणाले. आम्हा सगळ्यांना एकच धास्ती होती, की हा माणूस पोरीला सोडणार कसा?

लगीनसराईत हॉल कुठला मिळायला! आमच्या दोन घरांमधल्या मोकळ्या प्लॉटवर, कडुलिंबाखाली मांडव घातला. घरोघरच्या खुर्च्या आल्या, एकीसारखी दुसरी नव्हती. माणसं चाळीस. नवऱ्यामुलाला मामा कुठून आणणार, म्हणून त्याच्या पाठीशी मी उभा राहिलो. पल्लवीच्या पाठीशी अर्थात मामा, तिच्या खांद्यावर हात ठेवून. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला, हार घातले गेले. मामा हलेनात.

"मामा, झालं. आता बाजूला व्हा," गुरुजी म्हणाले.

"रिलिव्हर कुठी आहे?"

मांडवात हशा पिकला. मीही हसलो. पल्लवी हसली नाही. ती नवऱ्याला त्याच्या भाषेत हळूच काही म्हणाली. तो वळसा घालून मामांसमोर आला आणि तिनं शिकवलेलं म्हणाला, "मामा, मी आलो."

मामांनी त्याला नीट न्याहाळलं. "जेवला का?"

मुहूर्तापर्यंत उपाशी राहायचं असं आम्हीच त्याला सांगितलं होतं. पल्लवीनं अर्थ सांगितल्यावर त्यानं नकारार्थी मान हलवली.

"त पहिले जेवून घे. उपाशी माणसाले मी चार्ज देत नाही."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. नवऱ्यामुलानं मुंडावळ्या मागे सारून उभ्या उभ्या चार पुऱ्या आणि वाटीभर श्रीखंड संपवलं. तोवर मामा जागेवरच होते. मग त्यांनी चार्ज दिला, आणि तो पल्लवीलाच भाषांतर करून सांगावा लागला.

"ताप आला त हे पोरगी सांगत नाही. कपाळाले हात लावून पाहा लागते." तिनं सांगितलं. "भांडण झालं की जेवत नाही म्हणते. दुसऱ्यांदा विचारजो, जेवते." तेही तिनं सांगितलं, मान खाली घालून. "हिच्या मायनं मले म्हटलं होतं, मी येतपर्यंत पाहजो. ते काही आली नाही. म्हणून तुले देऊन राहिलो."

हे मात्र तिला सांगता आलं नाही. तो भाषांतरासाठी थांबला नाही. मामांच्या हाताशेजारी त्यानं तिच्या खांद्यावर आपला हात ठेवला, आणि मामांनी आपला काढून घेतला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, त्या लपवायला रुमालही नव्हता.

रविवारी दोघं गेली. मामा आता संध्याकाळी आमच्या ओसरीवर येतात, चहा घेतात आणि मध्येच उठून चालू लागतात. मागे वळून बघत नाहीत, कुणाला काही सांगत नाहीत. मला ते बघवत नाही. मी घाईनं उठतो आणि त्यांच्या खुर्चीत जाऊन बसतो. ते फाटकाबाहेर पडून त्यांच्या घरातला दिवा लागेपर्यंत तिथेच बसून राहतो.